बोरघाटात रेल्वे चढवणारा जेम्स बर्कले

कर्जत सोडून गाडी घाट चढायला लागली की सगळे मोबाईल धबधब्यांकडे वळतात. रुळांखालचा भराव तोलून धरणाऱ्या दगडी भिंती कुणी बघत नाही.

हा मार्ग बांधला जेम्स बर्कलेच्या देखरेखीखाली. १८१९ चा जन्म, रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला हा इंजिनिअर १८५० मध्ये जीआयपी रेल्वेसाठी मुंबईत आला. १८५३ ला ठाण्यापर्यंत गाडी धावली. खरी परीक्षा होती बोरघाटाची.

सपाटीवर मातीचा भराव दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरतो. घाटात एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. पसरायला जागाच नाही, माती थेट खाली जाणार. म्हणून दरीच्या अंगाला जाड दगडी भिंत बांधायची आणि तिच्यामागे भराव टाकायचा. मागे पावसाचं पाणी तुंबलं तर भिंतच ढकलली जाते, त्यामुळे पाण्याला वाट ठेवावी लागते. आणि पाऊस तर बोरघाटातला!

१८५६ ला काम सुरू झालं. २५ बोगदे, ३७ फुटांना १ फूट असा चढ, ऐन भरात ४० हजारांवर मजूर. साथीच्या आजारांनी माणसं मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्याच गेला, मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरं करून घेतलं.

बर्कलेची तब्येतही ढासळली. तो इंग्लंडला परतला आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, ४२ व्या वर्षी वारला. घाट खुला झाला २१ एप्रिल १८६३ ला.