२० पिस्तुलं, एक पावसाळा आणि १८ वर्षांचे अनंत कान्हेरे

पांढरकवडा : पावसाळा संपला की केळापूर तालुक्यातला शेतकरी कोठ्यात पडलेली वखराची पास, विळा, कुऱ्हाड बाहेर काढतो. चार महिन्यांच्या ओलीनं लोखंडावर गंज चढलेला असतो. पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलेलं अवजार कामाच्या दिवशी धोका देत नाही, हे घरातल्या लेकरालाही ठाऊक असतं. १९०९ साली महाराष्ट्रातल्या काही तरुणांना विलायतेहून आलेली पिस्तुलं अशाच एका पावसाळ्यातून लपवून पार न्यायची होती. त्यातलं एक पिस्तूल नाशिकमध्ये उडालं. ते ज्यांच्या हातात होतं त्या हुतात्मा अनंत लक्ष्मण कान्हेरे यांची ही गोष्ट.

कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचे. घरची परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी ते औरंगाबादला मामाकडे आले. त्या काळी आपल्याकडून दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की निजामाचं राज्य सुरू व्हायचं, औरंगाबादही त्याच राज्यात होतं. तिथं ते चित्रकला शिकत होते. चित्र काढणारा, लिहायची आवड असलेला, अंगानं किरकोळ असा हा मुलगा. नाशिकच्या गुप्त मंडळातले गणू वैद्य यांच्याशी ओळख झाली आणि त्यांच्यामार्फत कान्हेरे त्या मंडळींत ओढले गेले.

त्यावेळी नाशिकचे कलेक्टर होते जॅक्सन. हा माणूस संस्कृतचा अभ्यासक होता, मराठी चांगली बोलायचा, लोक त्याला पंडित म्हणायचे. पण त्याच्याच कारकिर्दीत बाबाराव सावरकरांवर देशभक्तीच्या कविता छापल्याबद्दल खटला भरला गेला आणि जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. चार कवितांसाठी माणसाचा सगळा जन्म गेला, ही गोष्ट तरुणांना सहन झाली नाही. पुढच्याच महिन्यात, १ जुलैला, लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली या अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. ती बातमी इकडं पोहोचली तशी नाशिकची मंडळीही पेटली.

हत्यार आधीच आलेलं होतं. बाबारावांचे धाकटे भाऊ विनायक सावरकर तेव्हा लंडनला होते. तिथल्या इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकाचं काम करणारा चतुर्भुज अमीन १९०९ च्या सुरुवातीला हिंदुस्थानात परत यायला निघाला. त्याच्या पेटीला खालून चोरकप्पा होता. त्या कप्प्यात २० ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं होती. पेटी जहाजातून मुंबईला उतरली आणि माल गुप्त मंडळींच्या हाती गेला.

हे पिस्तूल त्या काळात नवीनच होतं. ते तयार करणारा जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या ऑग्डेन गावचा, बंदुका बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याची पिस्तुलं बेल्जियमच्या कारखान्यात तयार व्हायची. जुन्या बंदुकीत बार भरायला वेळ जायचा. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांची फिरकी असायची. ब्राउनिंगमध्ये गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात. एक गोळी उडाली की तिच्याच धक्क्यानं वरची स्लाइड मागं सरकते, रिकामं टरफल बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोरानं पुढं येताना खालची नवी गोळी नळीत ढकलते. घोडा पुन्हा दाबला की दुसरी गोळी. म्हणूनच याला अर्धस्वयंचलित म्हणतात.

सोय मोठी, पण खोडही त्यातच. या यंत्राचा प्रत्येक भाग दुसऱ्यावर अवलंबून आहे. स्लाइडच्या खाचेत काजळी साचली, स्प्रिंगला गंज लागला, नाहीतर मॅगझिनचा ओठ जरासा वाकला, की टरफल मध्येच अडकतं आणि पिस्तूल बंद पडतं. फवारणीचा पंप न धुता ठेवला तर नोझल कसं चोक होतं, तसंच हे. त्यात तेव्हाच्या काडतुसाच्या टोपीत असलेल्या रसायनामुळं बार उडाल्यावर नळीत खार उरायचा. तो खार हवेतली ओल ओढून घ्यायचा आणि नळी आतून खायला लागायचा. म्हणून त्या काळचे शिपाई गोळीबारानंतर नळीत गरम पाणी ओतायचे, मग ती कोरडी करून तेल लावायचे.

साफसफाईची रीत तेव्हापासून आजपर्यंत फारशी बदललेली नाही. सगळ्यात आधी मॅगझिन काढायचं. मग स्लाइड मागं ओढून नळीत गोळी उरली नाही ना, हे डोळ्यानं पाहायचं. कित्येक अपघात झाले ते इथंच, मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजल्यामुळं. त्यानंतर भाग सुटे करायचे, नळीतून ब्रश आणि फडकं फिरवायचं, खाचा पुसायच्या. शेवटी पातळ तेलाचा नुसता हात. तेल जास्त झालं तर धूळ धरतं आणि काडतुसात मुरलं तर बारही फुसका होतो. पोलिसांच्या आणि लष्कराच्या शस्त्रागारात हे काम ठरलेल्या नेमानं होतं. त्यांच्याकडं जागा असते, सामान असतं, शिकवणारा असतो. नाशिकच्या पोरांकडं यातलं काहीच नव्हतं. उलट झडतीची भीती रोजची होती.

कान्हेरे यांनी पिस्तुलाचा सराव केला. नाशिकला येऊन जॅक्सनला पाहून ठेवलं, म्हणजे ऐनवेळी माणूस ओळखण्यात चूक नको. तेवढ्यात जॅक्सनच्या बढतीची आणि बदलीची बातमी आली. तो नाशिक सोडणार म्हटल्यावर दिवस कमी उरले. निरोपाचा कार्यक्रम विजयानंद नाट्यगृहात ठरला. किर्लोस्कर मंडळींचं ‘शारदा’ हे नाटक होतं. पैशापायी कोवळी पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायच्या चालीवर देवलांनी लिहिलेलं हे नाटक तेव्हा गावोगावी गाजलेलं.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री कान्हेरे नाट्यगृहात जाऊन बसले. त्यांचा नेम चुकला तर पुढं व्हायला कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे दोघंही पिस्तूल घेऊन आलेले होते. जॅक्सन आत येऊन खुर्चीकडं निघाला तसे कान्हेरे पुढं झाले. सांगतात की पहिली गोळी हुकली. जुनी बंदूक असती तर खेळ तिथंच संपला असता. पण पिस्तूल अडलं नाही. पाठोपाठ गोळ्या सुटल्या आणि जॅक्सन जागीच कोसळला. कर्वे, देशपांडे यांच्यावर गोळी चालवायची वेळच आली नाही.

पकडलं जाण्याआधी स्वतःला संपवायचं, असं कान्हेरे यांनी ठरवलेलं होतं. ते जमलं नाही. लोकांनी त्यांना तिथंच धरलं. मग धरपकड सुरू झाली, आणि हत्यारानं दिलेली साथ माणसांना मात्र देता आली नाही. मार बसला तशी तोंडं उघडली, एका नावातून दुसरं नाव निघालं. कर्वे, देशपांडे सापडले. पुढं नाशिक कट खटल्यात ३८ जणांवर आरोप ठेवले गेले आणि २७ जणांना शिक्षा झाली. पिस्तुलं पाठवल्याचा ठपका विनायक सावरकरांवर आला. त्यांना लंडनमध्ये पकडून आणलं आणि जॅक्सन प्रकरणात १९११ साली दुसरी जन्मठेप दिली. दोन्ही मिळून ५० वर्षं.

कान्हेरे यांचा खटला मुंबईच्या हायकोर्टात चालला. मार्च १९१० मध्ये निकाल लागला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी दिली गेली. मृतदेह घरच्यांच्या ताब्यात दिले नाहीत, ठाण्याच्या खाडीकाठी सरकारनंच ते जाळले, असं सांगतात. औरंगाबादेत चित्र काढणारं ते पोरगं नाशिकात गोळी झाडल्यावर चार महिनेही जगलं नाही.

आज १९ एप्रिल आला की कान्हेरे यांचा फोटो गावागावातल्या पोरांच्या स्टेटसला दिसतो. त्याच मोबाइलवर दुसऱ्या दिवशी हातात कट्टा घेतलेल्या कुणाची रीलही फिरते. दोन्हींत फरक आहे. विनापरवाना हत्यार बाळगणं हा आज शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, आणि चौकात दाखवायच्या कट्ट्यामागं कुठलं राज्य उलथायचं नसतं. कान्हेरे यांनी पिस्तूल कुणाला दाखवायला घेतलं नव्हतं. त्याची किंमत स्वतःच्या मानेनं चुकवायची आहे, हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

नाशिकच्या मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे. रणजी सामने तिथं होतात आणि त्यांच्याच वयाची पोरं तिथं क्रिकेट खेळतात.