ऑस्कर स्वान

ऑस्कर गोमेर स्वान (२० ऑक्टोबर, इ.स. १८४७ – १ मे, इ.स. १९२७) हे स्वीडनचे ऑलिंपिक नेमबाज होते. ‘धावते हरीण’ या रायफल प्रकारात ते निष्णात होते. त्यात सुमारे १०० मीटरांवरून सरकत जाणारी हरणाची आकृती जेमतेम चार सेकंद दिसे व तेवढ्यात नेम साधावा लागे.

वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी इ.स. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्ण व एक कांस्यपदक, तर इ.स. १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे एक सुवर्ण व एक कांस्यपदक मिळवले. पुत्र आल्फ्रेड हेही सुवर्णविजेत्या संघांत होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले इ.स. १९२० मध्ये ज्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, तेथेच ७२ वर्षांच्या स्वान यांनी सांघिक रौप्यपदक जिंकले. कलास्पर्धा वगळता ते ऑलिंपिक पदक मिळवणारे सर्वांत वयोवृद्ध स्पर्धक ठरले.