वारशात पैसा नव्हता, बापाचं नाव होतं : बी. रघुनाथ

परभणी : घरी पैसा असला की पोराला लिहायला, गायला वेळ मिळतो. रवींद्रनाथ टागोरांच्या घरी जमीनदारी होती, पोटाची चिंता नव्हती. आपल्या बी. रघुनाथांच्या वाट्याला असलं काही आलं नाही.

त्यांचं खरं नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३ चा, सातोना गावचा. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. शाळा हैदराबादेत झाली. १९३२ मध्ये मॅट्रिक झाले, पण वडील वारले आणि शिक्षण तिथंच थांबलं. घर चालवायला निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी धरली.

कचेरीचा कारभार उर्दूत आणि लिहिणं मराठीत. फायलींतून उरलेल्या वेळात त्यांनी ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह, ‘साकी’ हा कथासंग्रह, ‘जगाला कळले पाहिजे’ ही कादंबरी आणि बरंच काही लिहिलं. पण नोकरी काही सुटली नाही. ७ सप्टेंबर १९५३ ला परभणीत, कचेरीत काम करतानाच ते गेले. वय अवघं ४०. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी तर ते गेल्यावर छापून आली.

बापाची इस्टेट मिळाली नाही, पण त्यांनी बापाचं नाव घेतलं. आडनाव मागं ठेवलं आणि ‘रघुनाथ’ पुढं नेलं. आज परभणीत त्याच नावाचं सभागृह आहे.

तुमच्या घरात वही घेऊन बसणारं पोर असेल, तर पैसा नसला तरी चालेल. त्याला रोजचा तासभर तेवढा मोकळा द्या.