दादासाहेब फाळके यांचा विलायतप्रवास

मराठवाड्यातील गावोगावच्या जत्रांत कापडी तंबू ठोकून सिनेमा दाखविला जात असे, ही गोष्ट आमच्या राणीसावरगावाकडील विद्यार्थ्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असेल. त्या तंबूत बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल की, ही विद्या आपल्या देशात रुजविण्यासाठी एका मराठी गृहस्थाने आपले डोळे पणास लावले होते. त्या गृहस्थांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचे सर्व चरित्र सांगावयाचे तर अंकाची पाने पुरणार नाहीत. म्हणून त्यांच्या परदेशगमनाचीच हकीकत आम्ही येथे विशेषेकरून सांगणार आहो.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. धुंडिराजांस चित्रकलेची आवड असल्यामुळे त्यांस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घातले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाचा अभ्यास केला. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रांचा धंदा मांडला, पण प्लेगाने पत्नी व मूल ही दोन्ही हिरावून नेली. त्यानंतर पुरातत्त्व खात्यातील नोकरी, ती सोडल्यावर छापखाना, रंगीत छपाईसाठी १९०९ साली जर्मनीची वारी आणि अखेर भागीदाराशी मतभेद! चाळिशी आली तरी या मनुष्याचा पाय एका ठिकाणी ठरत नव्हता.

अशा स्थितीत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईच्या गिरगावातील एका तंबूत त्यांनी प्रभू येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस ही गोष्ट सांगताना मौज वाटते. तथापि ती जशी घडली तशीच सांगितली पाहिजे. पडद्यावर ख्रिस्तचरित्र चालले असता फाळके यांच्या मनश्चक्षूंपुढे गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. आपल्या देशाच्या कथा आपल्याच माणसांनी अशा दाखवाव्या, या विचाराने त्यांस झपाटून टाकले. दुसऱ्यांदा हाच खेळ पाहावयास जाताना त्यांनी पत्नी सरस्वतीबाई यांसही बरोबर नेले.

त्यानंतर ते दररोज चित्रपट पाहू लागले. रात्री झोप नाही, मेणबत्तीच्या उजेडात लहानशा यंत्रावर प्रयोग चाललेले; याचा परिणाम असा झाला की त्यांची दृष्टी अधू होऊन जवळजवळ गेलीच. डॉ. प्रभाकर यांच्या उपचाराने ती परत आली. घरी लहान मुले, मिळकत बेताची, आणि ज्यांच्यावर सारा भरवसा ते डोळेच दगा देऊ पाहतात! कोणाही शहाण्या माणसाने येथे हात टेकले असते. फाळके यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये विलायतेचे जहाज गाठले.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ सालीच मुंबईत एक कुस्ती चित्रित केली होती, आणि रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हाचा सत्कारही त्यांनी टिपला होता. त्यांनी आपले यंत्र लंडनहून मागविले. फाळके यांस मात्र नुसते यंत्र नको होते, विद्या हवी होती; आणि विद्या टपालाने येत नाही.

लंडनमध्ये त्यांची कोणाशी ओळख नव्हती. फिरता फिरता पिकॅडिली भागात त्यांस 'बायोस्कोप' या साप्ताहिकाची पाटी दिसली. ते त्याचे वर्गणीदार होते, तेवढ्या आधारावर ते सरळ आत गेले. संपादक केबर्न यांनी प्रथम त्यांस या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला. इंग्लंडातील कित्येक निर्माते बुडाले होते, आणि हिंदुस्थानची हवा फिल्मला मानवणार नाही असेही त्यांस वाटत होते. परंतु पाहुण्याची तळमळ पाहून त्यांचे मन वळले व त्यांनी फाळके यांस वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठविले. हेपवर्थ यांनी आपल्या कारखान्यातील सर्व विभाग त्यांस मोकळेपणाने दाखविले. परक्या मनुष्यास धंद्याची किल्ली देणारे लोक जगात फार नसतात, म्हणून ही दोन नावे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नयेत.

लंडनमधील सुमारे दोन आठवड्यांच्या मुक्कामात त्यांनी शिकता येईल ते शिकून घेतले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कोरी फिल्म व तिला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली, आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईस परतले. फिल्मच्या कडांस भोके पाडण्याचे काम अंधारात करावे लागे. ते सरस्वतीबाईंनी शिकून घेतले.

आता भांडवल हवे होते, पण नुसत्या शब्दांवर कोण पैसे देणार? फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्यांच्यासमोर रोवला. त्या काळी पडद्यावर एका सेकंदास साधारण १६ चित्रे सरकत. म्हणजे मिनिटभराच्या खेळास हजाराच्या आसपास चित्रे लागत. महिन्याहून अधिक काळ थांबून थांबून एकेक चित्र घेत त्यांनी तो मिनिटभराचा खेळ सिद्ध केला. अंकुर फुटतो, वेल चढते, सारे पाहता पाहता! आपल्या शाळेच्या खिडकीत डब्यात पेरलेला वाटाणा ज्यांनी रोज निरखिला आहे, त्यांस या चित्रणातील चिकाटी सांगावयास नको. तो पाहून त्यांस कर्ज मिळाले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

१९१४ साली ते आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. दोन वर्षांपूर्वीचा शिकाऊ विद्यार्थी आता आपले काम दाखवीत होता! तेथेच राहून चित्रपट काढण्याविषयी त्यांस विचारणा झाली. त्यांनी ती नाकारली. आपले काम नाशिकलाच चालावे असा त्यांचा आग्रह होता. हा हट्ट व्यवहारात महाग पडला असे आम्हांस वाटते. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, ठरत आलेले व्यवहार मोडले, आणि परतून पाहतात तो कारखान्याची घडी विसकटलेली.

तरीही काम थांबले नाही. पौराणिक चित्रपटांच्या जोडीला त्यांनी माहितीपटही काढले. तळेगावचा काच कारखाना व नाशिकची सिंहस्थ पर्वणी यांची चित्रे त्यांनी घेतली. आणि चित्रपट कसा तयार होतो हे समजावणाऱ्या माहितीपटात तर ते स्वतःच काम करताना दिसतात. लंडनमध्ये जे त्यांस दाखविले गेले, ते त्यांनी येथे सर्वांस दाखविले.

पुढे बोलपटांचे युग आले व ते मागे पडले. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. उत्तरायुष्य ओढाताणीत गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेविला. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साली सुरू झाला.