नागपूरचा गोलकीपर

तीन ऑलिम्पिक, तीन सुवर्णपदके आणि गोलात गेलेले चेंडू फक्त दोन. रिचर्ड जेम्स ॲलनची कारकीर्द एवढ्या एका ओळीत मावते. कदाचित म्हणूनच ती कोणी उलगडून सांगत नाही. हा माणूस ४ जून १९०२ रोजी नागपुरात जन्मला, हे तरी आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ऑलिम्पिकचा विषय निघाला की आपण महाराष्ट्राची मोजणी १९५२च्या हेलसिंकीपासून, म्हणजे खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकापासून सुरू करतो. खाशाबांचे मोठेपण वादातीतच आहे. पण त्याआधी तब्बल चोवीस वर्षे नागपुरात जन्मलेल्या एका माणसाच्या गळ्यात सोने पडले होते आणि पुढे ते आणखी दोनदा पडले.

तांत्रिक हरकत घ्यायची तर घेता येते. तेव्हाचे नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते, महाराष्ट्र राज्य जन्मायला अजून बराच अवकाश होता आणि ॲलन अँग्लो-इंडियन होता. तो शिकला मसुरीजवळ झडीपानीच्या ओक ग्रोव्ह शाळेत. ही शाळा ईस्ट इंडियन रेल्वेने आपल्या नोकरांच्या मुलांसाठी १८८८ साली काढलेली. पुढे तो कलकत्त्यात पोर्ट कमिशनर्सच्या संघाकडून आणि बंगाल प्रांताकडून खेळला. तेव्हा बंगालने त्याला आपला म्हटले, मसुरीने आपला म्हटले. नागपूर गप्प राहिले.

मी परभणी जिल्ह्यातला. आमच्याकडे हॉकी आली ती बरीचशी पूर्णेच्या रेल्वे वसाहतीतून. जंक्शनचे गाव, बदलीवर आलेली माणसे आणि त्यांच्याबरोबर आलेल्या काठ्या. शाळेच्या संघात मी गोलात उभा राहत असे. आमच्या मैदानाची माती काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडत आणि पावसाळ्यात तिच्यात बूट अडकत. भेगेवर आपटलेला चेंडू कुठल्या बाजूला उडेल ते परमेश्वरालाही सांगता येत नसे. जुन्या काळच्या हॉकीचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच जड आणि तितकाच टणक. गोल बारा फूट रुंद, सात फूट उंच. ॲलनच्या काळी गोलकीपरच्या डोक्याला शिरस्त्राण नव्हते, छातीला कवच नव्हते. पायाला पॅड आणि हातात काठी. येणारा चेंडू पायाने अडवायचा आणि क्षणात लाथेने दूर मारायचा. घाबरून डोळे मिटले की संपले. हे मी नडगीवर घेतलेल्या अनुभवाने सांगतो.

१९२८च्या मार्चमध्ये भारताचा पहिला ऑलिम्पिक हॉकी संघ मुंबईहून बोटीने निघाला तेव्हा निरोप द्यायला धक्क्यावर तीन माणसे होती. संघात बहुतेक अँग्लो-इंडियन, कप्तान जयपालसिंग, आणि ध्यानचंद नावाचा एक फौजी शिपाई. ॲमस्टरडॅमला पहिलाच सामना ऑस्ट्रियाशी झाला, तो भारताने सहा गोलने जिंकला. मग बेल्जियमवर नऊ, डेन्मार्कवर पाच, स्वित्झर्लंडवर सहा. २६ मे रोजी अंतिम सामना यजमान हॉलंडशी, त्यांच्याच मैदानावर. कप्तान संघाबरोबर नव्हता, काही खेळाडू आजारी होते, खुद्द ध्यानचंद तापाने फणफणलेला होता. भारत ३-० असा जिंकला. पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही घेतला नाही. त्या २९पैकी १४ ध्यानचंदचे. ते मोजले गेले, सांगितले गेले, आणि ते योग्यच झाले. पण दुसऱ्या बाजूचे शून्य आपोआप पडलेले नव्हते. घरच्या प्रेक्षकांसमोर यजमान संघ जिद्दीने चाल करून येतो, तेव्हा ते शून्य राखायला कोणीतरी लागते.

ऑस्ट्रियाचे नाव निघाले म्हणून एक आठवण. त्याच सुमारास तिथे फुटबॉलमध्ये रूडी हिडेन नावाचा गोलकीपर नावारूपाला येत होता. पेशाने बेकरीवाला. १९३० साली लंडनच्या आर्सेनल क्लबने त्याला मागणी घातली. इंग्रज सरकारने परवाना नाकारला म्हणून तो व्यवहार फिसकटला. युरोपात गोलकीपरला किंमत होती, त्याच्यासाठी सरकारदरबारी खल होत असे. आपल्याकडे मात्र गोलकीपर म्हणजे ध्यानचंदच्या मागे उभा असलेला अकरावा गडी.

आता १९३२. लॉस एंजलिसला हॉकीत मोजून तीन संघ आले होते. जपानविरुद्ध भारताच्या गोलात आर्थर हिंद उभा होता. तो सामना ११-१ असा संपला. अमेरिकेविरुद्ध ॲलन उतरला आणि भारताने २४-१ असा विजय मिळवला. रूपसिंगचे दहा, ध्यानचंदचे आठ. ऑलिम्पिकमधला हा विक्रम अद्याप मोडलेला नाही. पण लोकांच्या तोंडी राहिला तो त्यातला एक. सांगतात असे, की करमणूक म्हणून ॲलन गोल सोडून मागे गेला होता, चाहत्यांना सह्या देत होता आणि तेवढ्यात अमेरिकेने रिकाम्या गोलात चेंडू मारला.

ही गोष्ट मी शाळेत असताना आमच्या खेळाच्या शिक्षकांकडून ऐकली आणि पोट धरून हसलो. पुढे ती इतक्या ठिकाणी इतक्यांदा ऐकली की हसू येईनासे झाले. ती खरीही असेल. चोवीस गोलांच्या सामन्यात गोलकीपरने करावे तरी काय? माझी तक्रार गोष्टीवर नाही, तिच्यातून निघणाऱ्या अर्थावर आहे. त्या संघाच्या गोलात कोणीही उभा राहिला असता तरी चालले असते, असा तो अर्थ. तसे असते तर जपानने त्याच स्पर्धेत गोल केला नसता.

बर्लिनला तर अर्थाचे हे गाठोडे पुरतेच सुटते. १९३६च्या ऑलिम्पिकआधी झालेल्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले होते. संघ हादरला, अली दाराला तातडीने भारतातून बोलावून घेण्यात आले. स्पर्धेत मग हंगेरी, अमेरिका, जपान आणि उपांत्य फेरीत फ्रान्स यांच्यापैकी कोणालाही भारताविरुद्ध गोल करता आला नाही. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला खेळला गेला. गोलात ॲलन, मधल्या फळीत मुंबईकडून आलेला बाबू निमल. मध्यंतराला भारत फक्त एका गोलने पुढे होता. मैदान ओले, समोर महिन्याभरापूर्वीच चार गोल चढवणारे जर्मन आणि आघाडी एकाची. ती पस्तीस मिनिटे ॲलनची आहेत, असे मी मानतो. उत्तरार्धात ध्यानचंदने बूट काढले आणि गोलांचा पाऊस पडला, ८-१. जर्मनीचा तो एकमेव गोल वाइसचा. साऱ्या स्पर्धेत भारताच्या गोलात गेलेला चेंडू तेवढाच.

त्यानंतर महायुद्ध आले आणि दोन ऑलिम्पिक बुडाली. १९४८ला लंडनच्या अंतिम सामन्यात स्वतंत्र भारताच्या गोलात मुंबईकर लिओ पिंटो उभा होता, ब्रिटनविरुद्ध ४-०. ॲलनच्या समाजातली कितीतरी कुटुंबे तोवर बोटी पकडून ऑस्ट्रेलिया, इंग्लंडकडे निघाली होती. जबलपूरचे पिअर्स बंधू तर पुढे ऑस्ट्रेलियाकडूनच ऑलिम्पिक खेळले. ज्या संघांनी आपल्याला पहिली सोन्याची पदके दिली, त्यांतली अर्धीअधिक नावे अशी परदेशी वाटू लागली आणि आपण ती उच्चारायचीच सोडून दिली.

एकाच गोलाची किंमत किती बदलते ते १९६०ला रोममध्ये दिसले. गोलात महूचा शंकर लक्ष्मण, मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान. पाकिस्तानने अंतिम सामन्यात गोल केला एकच, पण आपल्याकडून त्याची परतफेड झाली नाही आणि १९२८पासून चालत आलेली सोन्याची साखळी तुटली. लक्ष्मणने चार वर्षांनी टोकियोत त्याच पाकिस्तानला शून्यावर रोखून ते सोने परत आणले. साखळीची पहिली तीन पदके जिंकणारा ॲलन तेव्हा हयात होता. १९६९ साली तो मसुरीला वारला. झडीपानीची शाळा तिथून हाकेच्या अंतरावर आहे.