सारस्वतकार विनायक लक्ष्मण भावे आणि ग्रंथातील स्थान

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांची भूमी मुख्यतः गोदातीराची आणि वऱ्हाडाची. प्रतिष्ठान, डोमेग्राम, रिद्धपूर ही नावे प्रत्येक उपदेशी वासनिकाच्या जिभेवर असतात. ठाणे-कल्याणचा खाडीकाठ मात्र लीळास्मरणात सहसा येत नाही. असे असता, पंथाचे ग्रंथभांडार सुशिक्षित मराठी समाजापुढे ज्या थोड्या पुरुषांनी आदराने ठेविले, त्यांतील एक अग्रणी पुरुष याच खाडीकाठचा रहिवासी होता. महाराष्ट्र सारस्वताचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे यांचे हे चरित्र होय. ग्रंथाचे स्थान ग्रंथापासून दूर गेले म्हणजे काय घडते, हाही विचार या चरित्राच्या ओघात करावा लागतो.

भावे यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८७१ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे हल्लीच्या रायगडातील, पळस्पे या गावी झाला. आयुष्य गेले ते ठाण्यास. विज्ञान शाखेची पदवी त्यांनी मिळविली. उपजीविकेचा व्यवसाय मिठाचा होता. दिवसा मिठागरांचे हिशेब पाहावेत आणि रात्री जुनी बाडे उलगडावीत, असा हा विलक्षण जोड-संसार होता. सरकारी चाकरी वा विद्यापीठाची गादी त्यांच्या पाठीशी नव्हती. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत भावे प्रमुख होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावा, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. इंग्रजी शिकलेल्या मनुष्यास मराठीत संग्रह करण्याजोगे आहे काय, असा प्रश्न पडे, तो हा काळ. पुढे १९०३ पासून महाराष्ट्र-कवि हे मासिक काढून त्यांनी अप्रकाशित प्राचीन काव्ये छापण्याचा उद्योग आरंभिला.

या उद्योगात जी अडचण पदोपदी येते ती स्थानाची. हाती आलेल्या बाडाला पुष्कळदा आदि नसतो, अंत नसतो. कवीचे नाव असले तर गाव नसते, आणि गाव असले तर ते कोणत्या प्रांतातील याचा पत्ता नसतो. अशा वेळी संपादकास काव्याच्या पोटातूनच त्याची भूमी शोधून काढावी लागते. नदीचे नाव, धान्याचे नाव, देवळाची दिशा, एखादा प्रांतिक शब्द, यांवरून ग्रंथ कोठे उभा आहे हे ठरते. मग तो कोणासाठी लिहिला आणि कोणी ऐकला, याचाही उलगडा होऊ लागतो.

१८९८ साली विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ग्रंथमालेत भावे यांचा महाराष्ट्र सारस्वत हा निबंध प्रसिद्ध झाला. मराठी वाङ्मयाचा सलग इतिहास सांगण्याचा तो आरंभीचा एक मोठा यत्न. परंतु त्या चित्रात एक मोठी पोकळी होती. यादवकालीन महाराष्ट्रात श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुरी, म्हाइंभटांच्या हातून जे गद्य सिद्ध झाले, आणि नरेंद्र, भास्करभट्ट, दामोदर पंडित यांची जी काव्ये पंथात नित्य वाचली जात, त्यांचा त्यात समावेश नव्हता. यात भावे यांचा एकट्याचा दोष नव्हे. पंथाच्या पोथ्या सकळ लिपीत आणि तत्सम सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होत्या, आणि आश्रमाबाहेरच्या मनुष्यास त्यांतील एक अक्षरही लागत नसे.

या बंदिस्तपणाने पोथ्या रक्षिल्या, हे खरे. त्याचे मोलही पंथाने दिले. ज्यांचे ग्रंथ कोणी वाचले नव्हते त्यांच्याविषयी वाटेल ते बोलणे सोपे झाले. काळी वस्त्रे दिसत, शास्त्र दिसत नसे. मानभावी हा शब्द मराठीत ढोंगी या अर्थाने रूढ झाला, तो या अज्ञानाच्या पोटी. लोकांनी पंथाची कल्पना ऐकीव गोष्टींवरून केली. स्थान नाही, प्रसंग नाही, साक्षी नाही, अशा त्या गोष्टी होत्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र पालटू लागले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीकडे विद्वानांचे लक्ष वेधिले. भावे यांनीही पंथीयांशी संबंध जोडून पोथ्या मिळविल्या व त्या वाचण्याचा अभ्यास केला. पोथी परक्याच्या हाती द्यावी की न द्यावी, हा त्या काळच्या महंतांपुढील प्रश्न साधा नव्हता. जिचे वाचन गुरुमुखातून व्हावयाचे, ती छापखान्यात गेल्यावर कोणाच्याही ओट्यावर पडणार, ही भीती खोटी म्हणता येत नाही. तरीही काही महंतांनी विश्वास टाकिला. ठाण्याच्या या मीठव्यापाऱ्याने त्या विश्वासाला तडा जाऊ दिला नाही, असेच त्याच्या कार्यावरून म्हणावे लागते. १९१९ साली सारस्वताची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात महानुभाव वाङ्मयाला मानाचे स्थान मिळाले होते. एकवीस वर्षांपूर्वी स्वतः रेखिलेले चित्र अपुरे होते, हे कर्त्याने ग्रंथाचा विस्तार करूनच मान्य केले. विद्वानांत असा मनाचा मोकळेपणा विरळा.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत भावे यांनी महानुभाव कवींची व काव्यांची सूची प्रसिद्ध केली. दामोदर पंडितांचे वछाहरण आणि भास्करभट्टांचे शिशुपालवध ही काव्येही त्यांच्या संपादनाने बाहेर आली. काव्यात स्थानाचे सामर्थ्य केवढे, हे या दोन ग्रंथांवरून स्पष्ट होते. वछाहरणात गोपाळ जेवायला बसतात ते यमुनेच्या काठी, आणि वासरे चरत चरत दूर जातात. ही मोकळी जागा नसती तर ब्रह्मदेवाला वासरे नेण्यास अवसरच नव्हता. कथा तेथून निघते आणि तेथेच परत येते. भास्करभट्टांची गोष्ट तर पंथात सर्वश्रुत आहे. शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ च्या सुमारास, शिशुपालवध पूर्ण झाले. ज्येष्ठ गुरुबंधूंनी त्याची वाखाणणी केली, पण शृंगाराच्या भरामुळे ते निवृत्तांच्या उपयोगाचे नव्हे असा अभिप्राय दिला. तेव्हा कवीश्वरांनी एकादश स्कंध, म्हणजे उद्धवगीता रचिली. दोन्ही ग्रंथांचे नायक श्रीकृष्ण चक्रवर्तीच, आणि नगरही द्वारकाच. परंतु शिशुपालवधातील द्वारका वैभवाने, वसंताने आणि रुक्मिणीच्या रुसव्याने भरलेली आहे. उद्धवगीतेतील द्वारका रिती होऊ घातली आहे. यादव प्रभासास निघाले आहेत आणि उद्धव एकांतात श्रीचरणांशी आला आहे. स्थानाची अवस्था पालटली, तसा शृंगाराच्या जागी वैराग्य आला. कवीने केवळ विषय बदलला असे म्हणणे अपुरे होय.

तथापि एका ठिकाणी भावे यांची दृष्टी अपुरी पडली, हे नोंदविणे प्राप्त आहे. ते मूळचे रसिक. त्यांचे मन काव्यावर जडले, आणि छापण्यासाठी त्यांनी निवडिली तीही प्रामुख्याने काव्येच. काव्यरसिकाच्या लेखी स्थान म्हणजे वर्णन. पंथाच्या लेखी स्थान म्हणजे प्रमाण. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि भक्तजनांकडून लीळा मिळविल्या, त्या गावासकट, देवळासकट, समोर कोण होते यासकट. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हा अनुसरलेल्याचा नित्यविधी. लीळा कोठे घडली हे ठाऊक नसेल तर मनाने जावे तरी कोठे? केशवराज सूरींनी लीळांतून वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्र जितके नेमके, तितके ते प्रसंगावाचून निसटते. गर्विष्ठ पंडिताला डोमेग्रामी सांगितलेले आणि शोकाकुल म्हातारीला धीर देताना सांगितलेले वचन एकाच पानावर शेजारी आले, तर नवख्याला त्यांत विरोध भासतो. म्हणूनच आमच्या पूर्वजांनी प्रकरणवशासारखे ग्रंथ निर्माण केले आणि प्रत्येक सूत्राला त्याचा प्रसंग परत मिळवून दिला. खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, तेव्हा हिराइसांसारख्यांच्या स्मृतीतून लीळा पुन्हा उभ्या राहिल्या. त्या स्मृतीला गाव आणि देवळे यांचा आधार नसता तर ते कितपत साधले असते, याचा विचार करावा. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, आसन कोठे होते, बिढार कोठे होते, हे सांगणारी स्थानपोथी मराठीत केवळ महानुभावांनाच का लिहावीशी वाटली, याचे उत्तर यात आहे. ठाण्यात बसून वाचणाऱ्या रसिकाला ही यादी रुक्ष वाटणे स्वाभाविक होते. रिद्धपुरी जाऊन स्थानवंदन करणाऱ्याला तीच यादी वाटाड्या ठरते.

ही उणीव दाखविताना भावे यांच्या अडचणीही ध्यानात घ्याव्यात. काव्य एका पोथीवरून कसेबसे छापता येते. लीळाचरित्राचे पाठ अनेक, क्रम भिन्न आणि वाचकवर्ग तेव्हा जवळजवळ नव्हताच. ते काम एका मनुष्याच्या रात्रींत बसणारे नव्हते.

१२ सप्टेंबर १९२६ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी भावे यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत लीळाचरित्र मुद्रित झाले नव्हते. १९३६ पासून हरि नारायण नेने यांनी नागपुरास ते भागशः प्रसिद्ध केले. पुढे विष्णु भिकाजी कोलते यांनी स्थानपोथी संपादिली, आणि शं. गो. तुळपुळे यांनी महाराष्ट्र सारस्वताला विस्तृत पुरवणी जोडली. ज्या रिद्धपुराचे वाङ्मय भावे यांच्या पहिल्या निबंधात आले नव्हते, तेथे आज मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. ठाण्याचे ग्रंथसंग्रहालयही चालू आहे.