गाडगेबाबांचे नाव कसे पडले

गाडगेबाबांचे आडनाव गाडगे नव्हते. पुष्कळ जणांना तसे वाटते, पण नाही. त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. मी त्यांची माहिती लिहीत आहे, पण जास्त करून नावाचीच लिहिणार, कारण तीच मला फार आवडली.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे परीट घराण्यात झाला. हे गाव अमरावती जिल्ह्यात आहे, म्हंजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. वडील दारूच्या व्यसनामुळे लवकर वारले. मग आई सखूबाई त्यांना घेऊन मामाकडे दापुरे गावी गेली. तिथे डेबू गुरे चारी, शेतात राबे. शाळेत काही गेला नाही. पुढे कुंताबाईंशी लग्न झाले, मुलेबाळे झाली.

१९०५ साली ते घर सोडून निघाले. (त्याच वर्षी वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ जिल्हा झाले. नाव बदलायचेच ते वर्ष होते वाटते!) अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. बस.

गाडगं म्हंजे लहान मडकं. आमची आजी गाडग्यात दही लावते. पुस्तकात गाडगे लिहितात, घरी आपण गाडगं म्हणतो, शब्द एकच. गाडगं फुटलं की आजी ते उकिरड्यावर टाकून देते. बाबांनी तसलेच जवळ ठेवले. त्यातच भाकर खायची, त्यातच पाणी प्यायचे आणि रस्त्याने चालताना तेच डोक्यावर पालथे घालायचे. टोपीचा खर्च नाही. मला हे लय गमतीचे वाटले.

परक्या गावात त्यांना कोण ओळखणार? लोकांना जे दिसे त्यावरून लोक नाव ठेवीत. कोणी चिंधेबुवा म्हणे, कोणी गोधडेबुवा, कोणी लोटके महाराज. लोटकं म्हंजे पण लहान मडकंच. शेवटी गाडगेबाबा हेच नाव टिकले. आजी म्हणते, त्यांची माय मात्र त्यांना डेबूच म्हणत असेल.

आपल्याला कोणी फुटकं गाडगं म्हटलं तर आपण भांडू. बाबा भांडले नाहीत. गावात आले की ते रस्ते आणि गटारे झाडू लागत. रात्री कीर्तन करीत. कोणाला पाया पडू देत नसत. मिळालेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. शिवाशिवीमुळे ज्या वारकऱ्यांना पंढरपूरला कुठेच जागा मिळत नसे, त्यांच्यासाठी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. त्यांची बायकोमुले मात्र झोपडीतच राहिली. याचे मला वाईट वाटले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच ते वारले. अमरावतीला त्यांची समाधी आहे. तिथल्या वस्तीला गाडगेनगर म्हणतात. २००० साली सरकारने गावे स्वच्छ करण्याचे अभियान सुरू केले, त्यालाही त्यांचेच नाव दिले.

अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली सुरू झाले. आता त्याचे नाव संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली कॉलेजेही त्यातच येतात. माझ्या चुलतभावाला बी.ए.चे पदवीपत्र मिळाले, त्यावर वरच मोठ्या अक्षरात हे नाव छापलेले आहे. मी त्यावर बोट ठेवून ते आजीला वाचून दाखवले.